नाताळ आपोआप होत नाही

नोव्हेंबर लागला की अनेक ख्रिस्ती घरांत एक संवाद हमखास घडतो. घरातली आई किंवा थोरली सून म्हणते, “यंदा नाताळचं जरा आधीपासून बघू या.” उत्तर तयार असतं, “आत्तापासून? अजून दीड महिना आहे. होईल सगळं. दरवर्षी होतंच की!” विषय तिथेच मिटतो आणि डिसेंबरच्या 20 तारखेला घरभर पेटतो. शिंप्याकडून कपडे आलेले नसतात. नारळ खवायचे राहिलेले असतात. गोठ्यासाठी पेंढा कुणी आणायचा यावरून भावंडांची जुंपलेली असते. आणि मध्यरात्रीच्या मिस्सेला उभ्या असलेल्या आईच्या पायांत गोळे आलेले असतात.

हा लेख त्या “होतंच की!”ला उत्तर म्हणून लिहितो आहे. लवकर तयारीला होणारा विरोध आता नुसत्या आळसातून येत नाही, त्याला युक्तिवादांचं पाठबळ मिळालं आहे. कुणी म्हणतं, नोव्हेंबरात नाताळच्या याद्या करणं म्हणजे बाजाराच्या तालावर नाचणं. कुणी म्हणतं, आगमनकाळ प्रार्थनेचा आणि प्रतीक्षेचा, त्यात धावपळीचं काय काम? कुणी म्हणतं, आमच्या लहानपणी असलं नियोजन नव्हतं, तरी नाताळ किती सुंदर व्हायचा. चौथा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: लवकर सुरुवात केली की घरातल्या बाईचं चार दिवसांचं काम सहा आठवडे पुरतं. या चारही आक्षेपांत थोडंथोडं तथ्य आहे, म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं एवढंच आहे की लवकर तयारीचं खरं मोल काम वाटता येण्यात आहे. शेवटच्या आठवड्यावर विसंबणारं घर आपला सगळा सण एका बाईच्या अंगावर टाकून मोकळं होतं, आणि त्याला ते कळतही नाही.

आधी बाजाराचा आक्षेप घेऊ. त्यातला राग मला मान्य आहे. दिवाळीचे कंदील उतरायच्या आत मॉलमध्ये लाल टोप्या आणि प्लॅस्टिकची झाडं दिसू लागतात, महिनाभर तीच चार गाणी वाजत राहतात, आणि प्रत्यक्ष 25 डिसेंबर उजाडेपर्यंत मुलांचा उत्साह ओसरलेला असतो. पण या रागात दोन गोष्टींची गल्लत होते. सण आधीच साजरा करू लागणं वेगळं आणि सणाची तयारी आधी करणं वेगळं. मॉलमध्ये पहिली गोष्ट चालते, घरानं करायची ती दुसरी. दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी चकलीची भाजणी दळून आणणाऱ्या घराला कुणी बाजाराचं गुलाम म्हणत नाही. त्या घराचा फराळ वेळेवर होतो आणि बिघडत नाही, हे शेजारपाजारही जाणतो. मग तेच शहाणपण नाताळच्या वेळी संशयास्पद का ठरावं?

बाजाराचा फायदा उशिरा जाग येणाऱ्या गिऱ्हाइकामुळे होतो. 23 डिसेंबरच्या संध्याकाळी दुकानात शिरलेल्या माणसाला चार ठिकाणी भाव विचारायला सवड नसते. आपल्या भाच्याला नेमकं काय आवडतं हे आठवायलाही सवड नसते. ‘काहीतरी न्यायला हवं’ एवढा एकच विचार डोक्यात असतो, आणि समोर जे रचून ठेवलेलं असतं ते तो उचलतो. उलट ज्यानं ऑक्टोबरात कागदावर लिहून ठेवलं की यंदा कुणाला काय द्यायचं आणि सगळ्यांवर मिळून किती खर्च करायचा, तो दुकानात कमी वेळ थांबतो आणि कमी पैसे घालवतो. बाजारापासून सुटका हवी असेल तर पहिलं हत्यार हा कागदच आहे.

‘नाताळची खरेदी लवकर करा’ ही हाक अमेरिकेत फार जोरानं उठली, आणि त्यामागे कामगारांच्या बाजूनं लढणारी माणसं होती. 1899 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कन्झ्युमर्स लीगच्या सरचिटणीस फ्लॉरेन्स केली यांनी ती हाक दिली. डिसेंबरच्या गर्दीत दुकानांतल्या विक्रेत्या मुलींना रात्री उशिरापर्यंत उभं राहावं लागे आणि सामान पोचवणाऱ्या लहान मुलांना थंडीत घरोघर फिरावं लागे. 1903 मध्ये ‘द ट्रॅव्हेस्टी ऑफ ख्रिसमस’ या लेखात केली यांनी या स्थितीवर घणाघात केला. त्यांचा रोख स्पष्ट होता: गिऱ्हाइकाच्या दिरंगाईची किंमत दुसरंच कुणीतरी आपल्या शरीरानं मोजतं. पुढे 1912 मध्ये न्यूयॉर्कमध्ये निरुपयोगी भेटवस्तूंच्या विरोधात एक मंडळ उभं राहिलं. नोकरदार मुलींना आपल्या तुटपुंज्या पगारातून वरिष्ठांच्या भेटींसाठी वर्गणी काढावी लागे, ही त्यामागची मोठी तक्रार होती. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टही त्या मंडळाचे सदस्य झाले. या दोन्ही चळवळींचं म्हणणं एकाच दिशेचं होतं: विचार करून द्या, आधी ठरवा, आणि तुमच्या सणाचं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर टाकू नका.

आज आपल्या शहरांत हे चित्र फारसं बदललेलं नाही. 24 तारखेच्या रात्री दहा वाजता दारात पार्सल घेऊन उभा राहणारा मुलगा, दोन दिवस धड न झोपलेला बेकरीतला कारागीर, शेवटच्या क्षणी आलेल्या फ्रॉकला काज-बटण करणारा शिंपी, ही सगळी आपल्या उशिराची बिलं भरतात. यातल्या काहींना स्वतःलाही त्या रात्री चर्चमध्ये जायचं असतं. लवकर तयारीला ‘बाजारू’ म्हणणाऱ्यांनी या माणसांकडे एकदा बघावं.

दुसरा आक्षेप धार्मिक आहे आणि तो मनापासून घेतला जातो. आगमनकाळ म्हणजे वाट पाहण्याचा काळ. वेदीवर जांभळा रंग, मिस्सेत गौरवगीत नाही, सजावट बेतानं. असा संयमाचा काळ घरातल्या याद्यांनी आणि कढयांनी का भरून टाकायचा? प्रश्न रास्त आहे. पण तो विचारणाऱ्यांनी आपल्या चर्चचंच वेळापत्रक नीट पाहिलं तर उत्तर तिथेच सापडतं. आगमनकाळाचा पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. म्हणजे चर्च स्वतः चार रविवार आधी कामाला लागतं. 17 डिसेंबरपासून त्याच्या प्रार्थना आणखी उत्कट होतात, कारण आता लक्ष पूर्णपणे गोठ्याकडे लागायचं असतं. गायकवृंद नाताळगीतांचा सराव 24 तारखेला सुरू करत नाही. वाचकांना वाचनं आधी दिली जातात. फुलं, दिवे, मंडप, गाड्या लावायची जागा हे सगळं धर्मग्रामाच्या बैठकीत आधी ठरतं. मिस्सेच्या वेळी लोकांचं मन शांत राहावं म्हणूनच ही सारी खटपट असते. मग घरानं तसं केलं तर भक्तीत खंड कसा पडतो?

प्रतीक्षा म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, अशी समजूत या आक्षेपाच्या मुळाशी आहे. आगमनकाळातल्या मेणबत्त्यांच्या चक्राचा उगम पाहिला तर ती समजूत टिकत नाही. 1839 मध्ये हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न हे धर्मसेवक गरीब मुलांसाठी एक आश्रम चालवत. ‘नाताळ कधी?’ असं मुलं रोज विचारत. विखर्न यांनी एका चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारांसाठी मोठ्या आणि इतर दिवसांसाठी लहान, आणि रोज एक पेटवायला सुरुवात केली. मुलांची वाट पाहणं त्यांनी दिवसांत वाटून दिलं. प्रत्येक दिवसाला त्याचं छोटंसं काम मिळालं, म्हणून मुलांची अधीरता आनंदात बदलली. घरातल्या तयारीलाही हाच नियम लावता येतो.

या आक्षेपाच्या बाजूनं मार्था आणि मरिया यांची गोष्ट नेहमी पुढे केली जाते. लूकच्या शुभवर्तमानात मार्था पाहुणचारात गुंतलेली असते आणि मरिया प्रभूच्या पायाशी बसून ऐकते. नाताळच्या प्रवचनात ‘मार्था होऊ नका, मरिया व्हा’ असं सांगितलं जातं आणि बाया मान डोलावतात. पण मार्थाची तक्रार नेमकी काय होती? बहिणीनं सगळं काम माझ्या एकटीवर टाकलं, ही. येशूनं तिला सांगितलं ते चिंता आणि ओढाताण यांबद्दल. सेवेला त्यानं नाव ठेवलं नाही. योहानाच्या शुभवर्तमानात, बेथानीतल्या दुसऱ्या भोजनाच्या वेळी, मार्था पुन्हा सेवा करताना दिसते, आणि तिथे तिला कुणी एक शब्दही बोलत नाही. चुलीपाशी कुणी उभंच राहिलं नाही तर पायाशी बसून ऐकणाऱ्यांना जेवण कुठून मिळणार? ज्यांना आपल्या घरातल्या मार्थेनं प्रार्थनेला बसावं असं खरोखर वाटतं, त्यांनी तिचं निम्मं काम डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्वतः उचलावं. त्याशिवाय तिला केलेला हा उपदेश पोकळ आहे.

आणि संयमाच्या गोष्टी करणाऱ्यांना आणखी एक विचारायला हवं. चर्चच्या कालगणनेत नाताळकाळ 25 डिसेंबरला सुरू होतो आणि पुढे चालू राहतो: 26 ला संत स्टीफन, 28 ला बेथलेहेमची निष्पाप बाळं, मग पवित्र कुटुंबाचा सण, 1 जानेवारीला देवमातेचा सण आणि पुढे तीन राजांचा सण. गोव्यात रेईश मागूश, चांदर आणि काणसावली या भागांत 6 जानेवारीचं तीन राजांचं फेस्त आजही थाटात होतं. पण बहुतेक घरांत 26 तारखेला काय दिसतं? आई झोपलेली, वडील वैतागलेले, मुलं मोबाइलमध्ये, आणि सण संपला अशी भावना. शेवटच्या चार दिवसांत सगळी शक्ती संपवल्यामुळे खरा नाताळकाळ उपभोगायला घरात कुणी शिल्लक राहत नाही. आधी तयारी केलेल्या घरालाच हे पुढचे दिवस भेटीगाठींचे, गप्पांचे, आजारी माणसांकडे जाण्याचे म्हणून जगता येतात.

तिसरा आक्षेप आठवणींचा आहे: पूर्वी सगळं आपसूक व्हायचं. वसईच्या, उत्तनच्या, गोव्याच्या जुन्या घरांचं हे वर्णन प्रेमानं केलं जातं, पण ते खरं नाही. जुनी माणसं आपल्यापेक्षा कितीतरी आधी कामाला लागत. वसई-मुंबईच्या ख्रिस्ती घरांतला बाटली मसाला घ्या. वीसहून अधिक जिन्नस एप्रिल-मेच्या उन्हात वाळवून, भाजून, उखळात कुटून बाटल्यांत दाबून भरायचे, म्हणजे तो पावसाळ्यात टिकतो आणि नाताळच्या रश्श्यालाही पुरतो. डिसेंबरच्या जेवणाची तयारी अशी मे महिन्यात सुरू होई. घरची वाइन काही महिने आधी घातली जाई. अनेक घरांत डुक्कर वर्षभर पोसलेलं असे. भातकापणी उरकली की नवा तांदूळ घरात येई, त्याचं पीठ दळून ठेवलं जाई, नारळ वेगळे काढले जात.

गोठ्यासमोरची हिरवळ हे तर याचं सर्वांत सोपं उदाहरण. गोव्यात आणि मुंबईच्या अनेक घरांत पसरट भांड्यात किंवा करवंटीत माती घालून गहू किंवा नाचणी पेरतात. बाळ येशूच्या गोठ्यासमोर कोवळं गवत दिसावं म्हणून ती नाताळच्या दहा-बारा दिवस आधी पेरावी लागते. 23 तारखेला पेरली तर 25 ला नुसती माती दिसते. आजीला हे ठाऊक होतं आणि तिनं ते काम नातवंडांवर सोपवलं होतं. पेरायचं त्यांनी, पाणी घालायचं त्यांनी, अंकुर आला की ओरडत सांगायला यायचं त्यांनी. तिनं याला नियोजन म्हटलं नसेल, पण नियोजनाचे दोन्ही भाग त्यात होते: काम वेळेवर सुरू करणं आणि ते कुणाचं हे ठरवणं.

पूर्वीच्या सहजतेचं खरं गुपित हे हात होते. एकत्र कुटुंबात दोन-तीन जावा, नणंदा, शेजारच्या मावश्या. गोव्यातलं दोदोल म्हणजे नारळाचं दूध, माडाचा गूळ आणि तांदळाचं पीठ, हे मिश्रण तेल सुटेपर्यंत सतत ढवळत राहायचं. एकटीच्या दंडाचं ते कामच नव्हे, म्हणून चमचा हातोहात फिरे. बेबिंकेचा एकेक थर भाजला की त्यावर दुसरा, मग तिसरा. त्या वेळात गोष्टी सांगितल्या जात. नेवऱ्या लाटायला, कुलकुलांना काट्यावर किंवा कंगव्यावर वळण द्यायला सगळी पोरंटोरं बसत. आज घरात दोन-तीन माणसं असतात, त्यातली दोन नोकरीला जातात, मुलांच्या परीक्षा असतात आणि मदतीला आलेल्या बाईला तिचंही घर असतं. हात कमी झाले, कामांची यादी मात्र तेवढीच राहिली. जुन्या पद्धतीची आठवण काढणाऱ्यांनी ही वजाबाकी करायला हवी. हात कमी असतील तर दिवस वाढवावे लागतात किंवा कामं कमी करावी लागतात. यातलं काहीही न करता ‘पूर्वी व्हायचं’ म्हणत राहणं हे घरातल्या एकाच माणसावर चार माणसांचं काम लादणं आहे.

आता चौथा आक्षेप. तो मुख्यतः बायांकडूनच येतो आणि तो मला मनापासून पटतो. “लवकर सुरुवात करा म्हणता,” त्या म्हणतात, “पण म्हणजे आमचं डोकं ऑक्टोबरपासून भणभणणार. घरातले बाकीचे 24 तारखेलाच उठणार.” हे अनुभवाचे बोल आहेत आणि आकडेही त्यांच्या बाजूनं आहेत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं 2019 मध्ये देशभर केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं की घरच्यांसाठीच्या विनावेतन घरकामात दिवसभरात 81.2 टक्के स्त्रिया सहभागी होतात, तर पुरुष फक्त 26.1 टक्के. जे सहभागी होतात त्यांच्यातही स्त्रिया दिवसाला सरासरी 299 मिनिटं काम करतात आणि पुरुष 97 मिनिटं. हा झाला साधा दिवस. सणाच्या दिवसांत ही दरी रुंदावते की कमी होते, ते प्रत्येकानं आपल्या घराकडे बघून ठरवावं.

मग या बाया म्हणतात तसं, उशिरा सुरुवात करून निदान त्रास तरी चार दिवसांपुरता मर्यादित ठेवावा का? इथे मी त्यांच्याशी ठामपणे असहमत आहे. शेवटच्या चार दिवसांत काम वाटताच येत नाही. 22 तारखेच्या रात्री, दहा नेवऱ्या फुटलेल्या असताना आणि तेल तापलेलं असताना, नवऱ्याला सारण किती भरायचं ते शिकवायला कुणाला धीर राहील? “तू राहू दे, मीच करते,” हे वाक्य त्या घाईतच जन्मतं. घाईत जो कुशल असतो त्याच्याच हातात काम जातं, आणि कुशल तीच असते जिनं आजवर केलं. म्हणजे उशीर तिच्यावरचं ओझं मर्यादित ठेवत नाही, ते कायम तिच्याच नावावर राहील याची व्यवस्था करतो. नोव्हेंबरातल्या एखाद्या निवांत रविवारी मात्र पहिल्या पाच नेवऱ्या वाकड्या झाल्या तरी काही बिघडत नाही. मुलगा शिकतो. पुढच्या वर्षी तो स्वतःहून लाटायला बसतो. कामाचं हस्तांतर सवडीतच होऊ शकतं.

यासाठी एक अट मात्र न पाळून चालणार नाही. यादी आईच्या डोक्यात राहता कामा नये, ती भिंतीवर लागली पाहिजे, आणि प्रत्येक कामापुढे एक नाव पाहिजे. ‘मदत’ या भाषेलाच मी विरोध करतो. जो मदत करतो तो आदेशाची वाट बघतो, म्हणजे आठवण ठेवण्याचं काम पुन्हा तिच्याकडेच उरतं. ज्याच्या नावावर काम आहे त्यानं ते सुरुवातीपासून शेवटापर्यंत सांभाळायचं. गोठा मुलाचा असेल तर पेंढा कुठून आणायचा, दिवे चालतात का बघायचं, 6 जानेवारीनंतर सगळं गुंडाळून ठेवायचं, हे सगळं त्याचं. शेजाऱ्यांकडे गोडाची ताटं पोचवणं वडिलांचं असेल तर कुणाच्या घरी यंदा दुःख झालं आहे हे लक्षात ठेवणंही त्यांचंच. आपल्याकडे ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला त्या घरात गोडधोड करत नाहीत, शेजारी आवर्जून पाठवतात. ही फार सुंदर रीत आहे, पण शेवटच्या घाईत तीच सर्वांत आधी विसरली जाते.

मग लवकर म्हणजे नेमकं केव्हा, आणि काय? काही कामांची वेळ आपल्या हातात नसतेच. रेल्वेचं आगाऊ आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी खुलं होतं. म्हणजे 23 डिसेंबरला मुंबईहून मडगावला निघायचं असेल तर 24 ऑक्टोबरला सकाळी तिकीट काढायला बसावं लागतं. कोकण रेल्वेच्या गाड्या नाताळात किती भरतात हे त्या मार्गावरच्या प्रत्येकाला माहीत आहे. आखातात किंवा जहाजावर काम करणाऱ्या मुलाची रजा, इंग्लंडात स्विंडनला गेलेल्या बहिणीकडे पाठवायचं पार्सल, ही कामंही डिसेंबरची वाट बघत नाहीत. 24 तारखेला तळलेली नेवरी स्विंडनला नाताळात पोचणार नाही.

नोव्हेंबर हा ठरवण्याचा महिना असावा. खर्चाची रक्कम आधी ठरावी आणि ती सगळ्यांना, मुलांनाही, माहीत असावी. मोठ्यांनी एकमेकांना भेटी द्यायच्या की फक्त मुलांना, हे दोन्ही घरांत बोलून घ्यावं, म्हणजे ऐन सणात रुसवे होत नाहीत. नाताळचं जेवण कुणाकडे, 26 ला कुणाकडे, माहेर-सासरचा प्रश्न कसा सोडवायचा, हे शांतपणे बोलण्याची वेळ नोव्हेंबर आहे. केकसाठी सुका मेवा भिजत घालणं, कपडे शिंप्याकडे देणं, घरातल्या दिव्यांची दुरुस्ती ही कामंही तेव्हाचीच.

आणि ठरवताना कामं कमीही करावीत. सगळे आठ पदार्थ घरीच झाले पाहिजेत हा अट्टाहास प्रत्येक घराला झेपत नाही. चार घरांनी मिळून करावं: एका घरी दोदोल, दुसऱ्या घरी नेवऱ्या, तिसऱ्या घरी कुलकुल, आणि मग वाटणी. गावातल्या बेकरीत आपलं मिश्रण नेऊन केक भाजून आणायची जुनी सोय जिथे आहे तिथे ती वापरावी. जे पदार्थ टिकतात ते डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात व्हावेत, ओल्या नारळाचे आणि ताजेच चांगले लागणारे थोडेसे शेवटी. वयाच्या सत्तरीत आलेल्या सासूनं आयुष्यभर केलं म्हणून तिनं अजून करत राहावं, अशी अपेक्षा ठेवू नये. तिनं खुर्चीत बसून चव सांगावी आणि बाकीच्यांनी हात चालवावेत.

शेवटी एक सीमा आखावी: 21 डिसेंबरनंतर कोणतंही नवं काम काढायचं नाही. जे तोवर झालं नाही ते यंदा नको. या तीन दिवसांत पापनिवेदनासाठी रांगेत उभं राहायला वेळ मिळावा, कॅरल गात येणाऱ्या मुलांना दारात थांबून ऐकता यावं, आजारी शेजाऱ्याकडे अर्धा तास बसता यावं.

अशा तयारीनं घराचं कार्यालय होतं, सणातली उत्स्फूर्तता जाते, असं काही जण म्हणतील. मी उलटं पाहिलं आहे. न सांगता आलेल्या पाहुण्याला बघून ज्या घराला आनंद होतो, त्या घराच्या डब्यात काहीतरी तयार असतं आणि त्या घरातल्या बाईला खुर्चीत बसायला सवड असते. जिथे सगळंच व्हायचं राहिलं आहे तिथे दारावरची थाप ऐकून कपाळावर आठी पडते. मन मोकळं असेल तरच माणूस अवचित काही करू शकतो: मध्यरात्री अंगणात गाणं सुरू करू शकतो, मुलांना घेऊन शेजारच्या गावातले गोठे बघायला निघू शकतो.

तेव्हा ‘दरवर्षी होतंच की’ म्हणणाऱ्या प्रत्येक पुरुषाला, प्रत्येक मोठ्या मुलाला आणि मुलीला माझं आवाहन आहे. यंदा ते वाक्य तोंडातून काढण्याआधी गेल्या नाताळात तुमच्या घरात कोण किती वाजता झोपलं आणि कोण किती वाजता उठलं, याचा हिशेब मांडा. नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारची मिस्सा झाली की सगळ्यांनी टेबलाभोवती बसा, एक कागद घ्या, सगळी कामं लिहा, त्यातली निम्मी खोडा आणि उरलेल्यांपुढे नावं घाला. आईचं नाव तिच्या वाट्यापेक्षा जास्त वेळा आलं तर कागद फाडून पुन्हा लिहा. शांतीच्या राजाचा जन्म साजरा करणाऱ्या घरात त्या शांतीचा वाटा सगळ्यांत जास्त राबणाऱ्या माणसाला मिळालाच पाहिजे, आणि तो मिळवून देणं हे नाताळच्या तयारीतलं पहिलं काम आहे.